जुने उपकार आठवायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आहे. घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी गेली आहे, सात-आठ महिने कुठेच काही जमत नाही. चर्चच्या मंडळीत जो तो सांगतो, "देवाने आजवर काय काय केलं ते आठवा, विश्वास बळकट होईल." पण आठवायला बसलं की उलटंच होतं. तेव्हा प्रार्थनेचं उत्तर मिळालं, मग आता का नाही, हा सल वाढत जातो. पुढे तर तेव्हाचं उत्तरही योगायोगच असेल का, अशी शंका येते. मग आठवायचं ते कसं?

आठवल्यावर दुःख वाढलं म्हणजे विश्वास उणा पडला, असं धरू नका. बायबलातलं स्तोत्र ७७ उघडून बसा. ते ज्याच्या नावावर आहे त्या आसाफ नावाच्या गायकाचं अगदी हेच झालं आहे. तिसऱ्याच वचनात तो म्हणतो की देवाची आठवण झाली की मी कण्हतो. चौथ्यात झोप उडालेली आहे. पाचव्या-सहाव्यात तो जुने दिवस आणि रात्री गायलेली आपली गीतं आठवतो, आणि त्यातून समाधान नाही, प्रश्न निघतात. सातव्यापासून नवव्या वचनापर्यंत सलग सहा प्रश्न आहेत: प्रभू कायमचा टाकून देणार का, पुन्हा कधी प्रसन्न होणारच नाही का, त्याची दया संपली का, त्याचं वचन खुंटलं का, कृपा करायचं तो विसरला का, रागाने त्याने आपला कळवळा आवरून धरला का. हे सगळं पवित्र शास्त्रात, उपासनेत गाण्यासाठी म्हणून ठेवलेलं आहे.

अकराव्या वचनापासून स्तोत्राचा सूर पालटतो. आसाफाची परिस्थिती पालटल्याचा मात्र एकही शब्द नाही. पालटतं ते आठवण्याचं स्वरूप. पहिल्या भागात तो स्वतःचे चांगले दिवस आणि स्वतःचे वाईट दिवस शेजारी शेजारी ठेवत होता. अशा तुलनेत आजचा दिवस नेहमीच हरतो. दुसऱ्या भागात तो देवाच्या कृत्यांकडे वळतो आणि एकच प्रसंग घेतो, मिसर (इजिप्त) देशाच्या दास्यातून निघालेल्या इस्राएली लोकांची समुद्रातून झालेली सुटका. तो तपशिलाने सांगतो: पाणी थरथर कापलं, ढगांनी पाऊस ओतला, गडगडाट झाला, पृथ्वी हादरली. पहिल्या भागात "मी" आणि "माझा" पदोपदी येतात, इथे "तू" आणि "तुझा". एकोणिसाव्या वचनात तो हेही नोंदवतो की देवाची वाट समुद्रातून होती आणि त्याची पावलं कोणाला दिसली नाहीत. म्हणजे सुटका झाली त्या रात्रीसुद्धा देव उघड दिसत नव्हता. विसाव्या वचनात मोशे आणि अहरोन यांच्या हाताने लोकांना कळपासारखं नेल्याचं सांगून स्तोत्र तिथेच थांबतं. आसाफाच्या संकटाचं पुढे काय झालं, ते सांगितलेलंच नाही.

शास्त्रातलं स्मरण हे असं असतं. गेलेली भावना परत आणण्याची ती खटपट नाही. काय घडलं ते क्रमाने, अडचणीसकट, तोंडाने सांगणं, आणि ते करणारा देव कसा आहे हे त्यातून ओळखणं, एवढं ते काम आहे. भावना मागाहून येईल किंवा येणार नाही. ती नाही आली म्हणून स्मरण वाया गेलं असं होत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: सुरुवात स्वतःच्या आठवणींपासून करू नका. याला एक साधं मानसिक कारणही आहे. मन खचलेलं असताना खचवणाऱ्या आठवणीच आधी वर येतात. शिवाय नैराश्यात माणसाला ठरावीक प्रसंग नीट आठवत नाहीत, "सगळं असंच होत आलंय" अशी ढोबळ वाक्यंच आठवतात. मानसशास्त्राने १९८०च्या दशकापासून हे पुष्कळ तपासलं आहे. तेव्हा आत्ता डोकं खाजवून "देवाने माझ्यासाठी काय केलं" हे शोधायला बसलात तर पान कोरं राहण्याचीच शक्यता जास्त, आणि ते कोरं पानच पुरावा वाटू लागेल.

सुरुवात सगळ्या मंडळीच्या सामाईक आठवणीपासून करायची. अनुवाद या मोशेच्या पाचव्या पुस्तकात, २६व्या अध्यायात, पहिल्या पिकाची टोपली घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला काय म्हणायचं ते शब्दशः नेमून दिलं आहे (५ ते १० ही वचनं). तो माणूस कनान देशात जन्मलेला असेल, मिसर त्याने पाहिलाही नसेल. पण भटक्या बापापासून सुरू झालेलं त्याचं बोलणं पुढच्या तीन वचनांत "मिसऱ्यांनी आम्हाला छळलं, आम्ही धावा केला, परमेश्वराने आम्हाला बाहेर आणलं" असं होतं. इतरांची गोष्ट अशी बोलता बोलता त्याची होते. ख्रिस्ती माणसासाठी या सामाईक आठवणीचं केंद्र वधस्तंभ आणि पुनरुत्थान आहे, आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) नेमकं त्यासाठीच दिलेलं आहे. लूक २२:१९ मध्ये "माझ्या स्मरणार्थ हे करा" असं येशू म्हणतो; पौल १ करिंथ ११:२६ मध्ये त्याला प्रभूच्या मरणाची घोषणा करणं म्हणतो. तुमच्या मंडळीत प्रभुभोजन महिन्यातून एकदा असेल तर आदल्या रात्री लूक २२ ते २४ हे तीन अध्याय मोठ्याने वाचून काढा. सावकाश वाचले तरी अर्ध्या तासाच्या आतबाहेर होतात. कॅथलिक असाल आणि मिस्सा दर रविवारी असेल, तर दर आठवड्याला एकेक तुकडा घ्या.

रोजच्यासाठी पंधरा मिनिटं पुरतात. एक आठवडा एकच उतारा घ्यायचा, रोज बदलायचा नाही. स्तोत्र ७७, १०५, १३६, अनुवाद २६:५-१०, विलापगीत ३:१७-२६ यांतला कोणताही चालेल. मोठ्याने वाचायचं, कारण मनातल्या मनात वाचताना आपण ओळीच्या ओळी गाळतो. स्तोत्र १३६ची २६ वचनं घरात दोघांनी मिळून म्हणायला फार चांगली आहेत: एकाने कृत्य सांगायचं, दुसऱ्याने प्रत्येक वेळी "त्याची दया सनातन आहे" हे ध्रुपद म्हणायचं. ज्याला त्या दिवशी काहीच म्हणवत नाही, त्याने ध्रुपद घ्यावं. विलापगीत निवडलंत तर एकविसाव्या वचनापासून सुरुवात करू नका. आपल्याकडे २२ आणि २३ ही वचनं घरोघरी भिंतीवर लावलेली असतात, पण त्यांच्या आधी अठराव्या वचनात "माझं बळ आणि माझी आशा नाहीशी झाली" असं आहे, आणि सगळीकडे जळून गेलेलं यरुशलेम आहे. ते वाचल्याशिवाय पुढची ओळ पेलत नाही.

दोन-तीन आठवडे हे झाल्यावर स्वतःच्या आठवणींची वही काढावी. मोबाइलपेक्षा कागदाची वही बरी. साधी शंभर पानी पुरते. मोबाइलमधल्या नोंदी शोधून सापडतात, पण सहज चाळल्या जात नाहीत, आणि इथे चाळणंच महत्त्वाचं आहे. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असाव्यात: तारीख, अडचण काय होती, काय मागितलं होतं, खरोखर काय झालं आणि कोणाच्या हातून, आणि काय राहिलं. ही शेवटची गोष्ट बहुतेक लोक गाळतात. ती गाळली की सहा महिन्यांनी वही खोटी वाटायला लागते.

नमुन्यादाखल एक नोंद अशी दिसेल: "१४ जून. शाळेची फी २० तारखेपर्यंत भरायची आहे, साडेआठ हजार कमी पडतात. मागितलं: पूर्ण रक्कम. झालं: १८ तारखेला धाकट्या भावजींनी न मागता पाच हजार दिले. शाळेने बाकीच्यासाठी ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली. कोणाकरवी: भावजी, ऑफिसातल्या बाई. राहिलं: साडेतीन हजार देणं आहे. नोकरीचं अजून काही नाही. या आठवड्यात दोन दिवस प्रार्थना झालीच नाही." एवढंच. "देवाची अपार कृपा झाली" असं वाक्य लिहायचा मोह होईल. ते लिहिलंत तरी चालेल, पण त्याच्या आधी आकडा, तारीख आणि माणूस येऊ द्या. मोशे लोकांना चाळीस वर्षांची आठवण देतो तेव्हा वाळवंटात मिळालेल्या अन्नाबरोबर अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि पाय सुजले नाहीत हेही सांगतो (अनुवाद ८:४). चप्पल-कपड्यांची ही पातळी सोडू नका. निर्गम १६ मध्ये मान्ना (देवाने वाळवंटात दिलेलं ते अन्न) जपून ठेवायला सांगितला तोही मापून, एक ओमर, म्हणजे अंदाजे दोन लिटर, एका माणसाचा एका दिवसाचा वाटा. पुढच्या पिढीला दाखवायला ठेवलेला तो ऐवज एका दिवसाच्या जेवणाएवढाच होता.

मागच्या काळातलं लिहायचं असेल तर एका बैठकीत सगळं आयुष्य काढू नका. एका वेळी एकच टप्पा: लग्नाआधीची वर्षं, पहिलं भाड्याचं घर, आईचं आजारपण. प्रत्येक टप्प्यातून दोन किंवा तीन प्रसंग. जे नक्की आठवत नाही त्यापुढे "बहुतेक" असं लिहावं. तेव्हा सोबत असलेल्या माणसाला फोन करून विचारलं तर फार उपयोग होतो, कारण आपण विसरलेली मदत त्याला आठवत असते, आणि आपण रंगवलेला भाग तो दुरुस्तही करतो.

वाचन किती वेळा? आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, शनिवारी रात्री किंवा रविवारी दुपारी. वर्षातून एकदा, ३१ डिसेंबरच्या उपासनेआधी किंवा उपकारस्तुतीच्या रविवारी, पूर्ण वही. आठवड्याच्या वाचनात नवं लिहिण्याची सक्ती नसावी. रोज एक तरी उपकार लिहायचाच असं ठरवलं की तिसऱ्या आठवड्यापासून लोक "आज ऊन कमी होतं" असं काहीबाही लिहायला लागतात आणि महिन्याभरात वही बंद पडते. महिन्याला दोन-तीन खऱ्या नोंदी भरपूर झाल्या.

आणि वही चांगल्या दिवसांतही भरायची असते. अनुवाद ८:१२-१४ मध्ये विसराचा धोका दुष्काळाशी जोडलेला नाही. पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं आणि सोनं-रुपं वाढेल, तेव्हा विसराल, असं तिथे सांगितलं आहे. नोकरी लागल्याच्या आठवड्यात मंडळीपुढे साक्ष दिली जाते, म्हणजे देवाने काय केलं ते सांगितलं जातं, आणि पुढच्या पगारापासून वही कपाटात जाते, हे फार सर्रास घडतं. पुढच्या अडचणीच्या वेळी मग हाताशी काहीच नसतं.

आता हे सगळं करूनही कुठे बिघडतं ते सांगतो. माझ्या मते खरं जोखमीचं ठिकाण तेच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागच्या उत्तराला पुढच्यासाठी साचा करणं. "मागच्या वेळी एकवीस दिवसांच्या उपास-प्रार्थनेनंतर काम झालं, आताही होईल." दावीदाचं उदाहरण नीट पाहा. पलिष्टी योद्धा गल्याथासमोर जाताना तो शौल राजाला सिंह आणि अस्वलाची आठवण सांगतो (१ शमुवेल १७:३४-३७), आणि त्यातून निष्कर्ष काढतो तो सोडवणाऱ्या देवाबद्दल. सिंहाला त्याने आयाळ धरून मारलं होतं. गल्याथाशी तो तसा भिडत नाही, गोफण घेतो. याहून स्पष्ट प्रसंग २ शमुवेल ५ मध्ये आहे. रेफाईमाच्या खोऱ्यात पलिष्टी दोनदा येतात. शत्रू तोच, जागाही तीच. पहिल्या वेळी दावीद विचारतो आणि देव म्हणतो, चढाई कर. दुसऱ्या वेळी, नुकताच विजय मिळालेला असूनही, तो पुन्हा विचारतो, आणि या वेळी उत्तर वेगळं येतं: समोरून जाऊ नकोस, वळसा घालून मागून जा, झाडांच्या शेंड्यांत पावलांचा आवाज ऐकू आला की मग हल्ला कर. पहिल्या विजयाची आठवण साचा म्हणून वापरली असती तर तो समोरूनच गेला असता. वही वाचून झाल्यावर स्वतःला विचारायचा प्रश्न म्हणून हा: यातून देव कसा आहे हे काय कळलं? तो काय करील, हे वहीत लिहिलेलं नसतं. शद्रख, मेशख आणि अबेदनगो भट्टीपुढे उभे राहून म्हणतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे; आणि लगेच, नाही सोडवलं तरीही आम्ही मूर्तीला नमन करणार नाही (दानीएल ३:१७-१८). दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येणं, ही चांगल्या स्मरणाची खूण आहे.

दुसरी चूक आकडे पाठ करून थांबण्याची. मार्क ८ मध्ये शिष्य नावेत आहेत, जवळ एकच भाकरी आहे आणि तिचीच चर्चा चालू आहे. येशू विचारतो, पाच हजारांना पाच भाकरी मोडल्या तेव्हा किती टोपल्या उचलल्या? "बारा." चार हजारांना सात मोडल्या तेव्हा? "सात." दोन्ही उत्तरं बिनचूक. तरी तो म्हणतो, अजून तुम्हाला समजत नाही का? माहिती शाबूत होती, पण ती पुरवणारा त्याच नावेत बसला आहे हे ध्यानात आलं नव्हतं. वहीत नोंदी भरपूर आणि चिंता जशीच्या तशी असं झालं, तर नोंदी वाढवू नका. एकच नोंद घ्या आणि तिचंच प्रार्थनेत रूपांतर करा: "प्रभू, जूनमध्ये तू भावजींकडून दिलंस. तू तोच आहेस. आज या महिन्याच्या भाड्याचं तुझ्यापुढे ठेवतो." नोंद, देवाची ओळख, आजची गरज, या क्रमाने तीन वाक्यं.

मिसरातले कांदे ही तिसरी चूक. गणना ११:५ मध्ये लोकांना मिसरातले मासे, काकड्या, कलिंगडं, कांदे, लसूण आठवतात, आणि तेही फुकट मिळायचे असं आठवतं. विटांची वेठबिगारी त्या आठवणीतून गळलेली असते. नोकरी गेलेल्या माणसालाही जुन्या कंपनीचे दिवस असेच आठवतात. त्याला स्मरण समजू नये. जुना काळ गोड दिसत असेल तर त्या काळातली अडचण मुद्दाम लिहून काढा.

मागची आठवणच पूजेची वस्तू झाली, असंही घडतं. वाळवंटात लोकांना वाचवण्यासाठी केलेल्या पितळी सापाला शतकांनंतर लोक धूप जाळू लागले होते. हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). मंडळ्यांत हे "तेव्हाच्या संजीवनाच्या सभांसारखं आता काही राहिलं नाही" या रूपात दिसतं. आठवण आजच्या प्रार्थनेकडे नेत नसेल, तर ती बाजूला ठेवलेली बरी.

साक्षीबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण आपल्याकडे घरसभेत आणि उपकारस्तुतीच्या उपासनेत स्मरणाचं मुख्य रूप साक्ष हेच आहे. चांगली साक्ष तीन ते चार मिनिटांची असते. त्यात निम्मा वेळ अडचण आणि वाट पाहणं यांना द्यावा. वहीत जे लिहिलेलं नाही ते साक्षीत सांगू नये, हा नियम ठेवला तर दर वेळी थोडी थोडी होणारी भर आपोआप थांबते. पाच हजारांचे पंधरा हजार असेच होतात, कोणाच्या वाईट हेतूने नव्हे. दुसऱ्याचं आजारपण, कर्ज किंवा घरातलं भांडण त्याला विचारल्याशिवाय सांगू नये, व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना-गटात तर मुळीच नाही. आणि सभेत कोण बसलं आहे याचं भान ठेवावं. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये एकाच अध्यायात हेरोद याकोबाला तरवारीने मारतो आणि पेत्र तुरुंगातून सुटतो. पेत्राची साक्ष त्या मंडळीत झाली असेल तेव्हा याकोबाच्या घरची माणसंही जवळपासच असणार. "आम्ही विश्वासाने मागितलं म्हणून मिळालं" हे वाक्य म्हणून साक्षीतून काढून टाका. ज्याला मिळालं नाही त्याच्यावर ते अविश्वासाचा ठपका ठेवतं, आणि ते खरंही नाही: इब्री ११ मध्ये पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर यादी वळते आणि विश्वासानेच छळ सोसलेल्या, दगडमार झालेल्या, करवतीने चिरलेल्या लोकांची नावं न घेता आठवण केली जाते.

घरात मुलं असतील तर यहोशवा ४ सारखं करा. यार्देन ओलांडताना प्रत्येक वंशातल्या एकाने नदीच्या मधोमध, याजकांचे पाय टेकले होते तिथून, एकेक धोंडा खांद्यावर आणला. बारा धोंडे गिलगाल इथे उभे केले. हेतू स्पष्ट सांगितला आहे: पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कशाचे, तेव्हा सांगा. म्हणजे वस्तू अशी हवी की मुलांनी विचारावं, आणि ती नेमकी अडचणीच्या जागेवरून आणलेली असावी. भाड्याच्या खोलीची जुनी किल्ली, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, फी भरल्याची पावती. सुविचाराची चौकट नको. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. एक-दोन वस्तू पुरेत. मुलाने विचारलं की पाच मिनिटांत सांगा, उपदेश जोडू नका. वर्षातून एकदा त्यालाच सांगू द्या आणि तो काय गाळतो ते ऐका. तुम्ही नीट सांगितलेलं नसतं तेच बहुधा गळलेलं असतं.

आता योगायोगाचा प्रश्न. प्रामाणिकपणे सांगायचं तर वहीतली एकेक नोंद योगायोग नव्हती हे तुम्ही संशय घेणाऱ्याला सिद्ध करून दाखवू शकणार नाही, आणि ते करायची गरजही नाही. दोन गोष्टी लक्षात घ्या. साधन दिसलं म्हणजे देव नव्हता असं शास्त्र कधीच मानत नाही. निर्गम १४:२१ मध्ये समुद्र मागे हटला तो रात्रभर वाहिलेल्या जोरदार पूर्वेच्या वाऱ्याने, असं स्वच्छ लिहिलं आहे. वाऱ्याचं नाव घेऊनही इस्राएल ते परमेश्वराचं कृत्य म्हणून गातो. भावजींनी पैसे दिले, हेही तसंच. दुसरं म्हणजे विश्वासाचा सगळा भार या खाजगी नोंदींवर टाकू नका. पौल करिंथच्या मंडळीला साधारण इ.स. ५५च्या सुमारास लिहितो तेव्हा तिच्या वैयक्तिक अनुभवांवर पाया घालत नाही. ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला, आणि केफाला (म्हणजे पेत्राला), बारा जणांना, पाचशेहून अधिक बंधूंना दिसला, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, हे तो पायाशी ठेवतो (१ करिंथ १५:३-८). तुमच्या नोंदी त्या पायावर उभ्या राहतात, त्याच्या जागी नव्हे. म्हणून नोंदीपुढे हवं तर खूण करा: एक रेघ म्हणजे "देवाचंच, शंका नाही", टिंब म्हणजे "बहुतेक", प्रश्नचिन्ह म्हणजे "माहीत नाही". पाच वर्षांनी काही प्रश्नचिन्हं रेघा होतात, काही रेघा प्रश्नचिन्हं होतात. वही त्याने कमकुवत होत नाही.

जे उघडंच राहिलं, त्याच्यासाठी वहीच्या शेवटची दहा पानं राखून ठेवा. मागितलं आणि मिळालं नाही, किंवा माणूस वाचला नाही, ते तिथे तारखेसह लिहा. शेजारी कारण लिहू नका. "यात देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य तुमचं तुम्हाला खरंच पटलं तरच लिहा, इतरांनी सांगितलं म्हणून नको. स्तोत्र ८८ शेवटच्या ओळीपर्यंत काळोखातच आहे आणि तरी ते स्तोत्र आहे. या पानांसाठी तेच वाचत जा.

स्मरण लागू पडतंय की नाही, याची एक कसोटी शास्त्रातच दिली आहे, आणि ती भावनेची नाही. अनुवाद २४:१७-२२ मध्ये मिसरातलं दास्य आठव असं दोनदा सांगून त्याच्याशी जोडलेली आज्ञा अशी: शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नको, जैतून दुसऱ्यांदा झोडू नको, ते उपऱ्याचं, अनाथाचं, विधवेचं आहे. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात याचं ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. तरुणपणी दुष्काळात त्यांनी घरची माणसं गमावली होती, उपास काढले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, विधवा आणि अनाथ मुलींना घेऊन आल्या, आणि पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. त्यांच्या आठवणीत उपासमार जशीच्या तशी होती, आणि म्हणूनच ती कामाला आली. नोकरी नसलेल्या घरालाही हे जमतं: महिन्याला एकदा, आपल्याला ज्या प्रकारची मदत मिळाली होती त्याच प्रकारची छोटी मदत कोणाला तरी करायची. डबा, सोबत, अर्ज भरून देणं. पैसेच लागतात असं नाही.

स्मरणाने जे होत नाही तेही सांगून ठेवतो. कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरलेला एलीया संदेष्ट्याने स्वतः पाहिला होता, आणि लगेच १ राजे १९ मध्ये तो झुडपाखाली पडून मरण मागतो. एवढी ताजी, एवढी मोठी आठवण त्या घडीला उपयोगी पडली नाही. देवदूतही त्याला कर्मेल आठवायला सांगत नाही. तो भाजलेली भाकरी आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि मराठीतही बोलता येतं. तसंच घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला "देवाने आजवर सांभाळलं ते आठव" असं सांगून त्याच घरात परत पाठवू नये. आधी तिला सुरक्षित जागी न्यावं.

प्रश्नातल्या घरासाठी आता क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त स्तोत्र ७७, रोज मोठ्याने, नवऱ्याने एक भाग, बायकोने दुसरा. तिसऱ्या आठवड्यात वही आणा आणि या सात-आठ महिन्यांतल्याच तीन नोंदी लिहा, जुन्या नव्हेत. भाडं कोणत्या महिन्यात कसं भरलं, इथून सुरू करा. चौथ्या आठवड्यात एक जुना प्रसंग, तेव्हाच्या साक्षीदाराला विचारून. नोकरीचे अर्ज, ओळखीच्या लोकांना फोन, नवं काम शिकणं, हे सगळं चालू ठेवायचं. स्मरण त्याच्या जागी नाही. आणि लिहिण्यासारखं स्वतःचं खरंच काही सापडलं नाही, किंवा विश्वासात येऊन थोडेच दिवस झाले असतील, तर मंडळीतल्या एखाद्या वयस्कर आजींना किंवा आजोबांना भेटून एकच प्रसंग विचारा: पैसे नव्हते तेव्हा काय झालं होतं? तो त्यांच्या नावाने, त्यांच्या परवानगीने, तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.